घोषणेचा टी-शर्ट घरी कसा करायचा: रेडियमवाला, फॅब्रिक कलर अन् बहात्तर तास

पोळा पंधरा दिवसांवर आला का मला मेसेज सुरू होतात, "दादा, यंदा टी-शर्टचं काय?" आमच्या गल्लीतले दहा-बारा जण मारबतीच्या मिरवणुकीत एकसारखे टी-शर्ट घालून जातो, त्यावर घोषणा असते अन् ती दरवर्षी बदलते. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आपल्याकडे काळी अन् पिवळी मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, निघते, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात, अन् सगळे ओरडत असतात "इडापिडा घेऊन जा गे मारबत". महागाई, खड्डे, लाइटबिल, ज्याचा म्हणून वर्षभर ताप झाला ते सगळं तिच्यासोबत गावाबाहेर पाठवायचं. म्हणजे घोषणा लोकांच्या तोंडात आधीच तयार असते, आपल्याला ती फक्त छातीवर आणायची असते.

पहिल्या वर्षी मी हे काम मिरवणुकीच्या आदल्या रात्री करायला घेतलं होतं. आठ टी-शर्ट, पिवळे, त्यावर काळ्या रंगात "खड्ड्यांची पीडा घेऊन जा गे मारबत". रात्री दोनपर्यंत रंग दिला, सकाळी हाताला लागून नाही राहिला म्हणून घातले अन् निघालो. इतवारीपर्यंत पोचलो नाही तर भुरभुर पाऊस सुरू झाला, अन् अर्ध्या तासात सगळ्यांच्या पोटावरून काळे ओघळ. माझा तो टी-शर्ट आता गाडी पुसायला आहे. तेव्हापासून जे जे शिकलो ते सगळं इथे लिहून टाकतो, दरवेळी फोनवर सांगून सांगून थकलो बाप्पा.

आधी एक स्पष्ट सांगतो. पाच ते पंधरा टी-शर्ट करायचे असतील, एकाच रंगात, मराठी अक्षरांत, तर मशीन-बिशीन काही घ्यायची गरज नाही. स्टिकरचं स्टेन्सिल अन् फॅब्रिक कलर, बस. बाकीचे प्रकार आहेत, त्यांच्याबद्दल शेवटी थोडक्यात सांगतो, पण मी ते सगळे करून परत इथेच आलो.

टी-शर्ट कोणता घ्यायचा

शंभर टक्के कॉटन, राउंड नेक, प्लेन. दुकानदाराला विचारायचं "किती जीएसएम?" जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये, १८० असेल तर मस्त, १४० च्या खालचा घेतला तर रंग मागच्या बाजूला दिसतो अन् दोन धुण्यांत गळा लोंबतो. दुसरं विचारायचं "बायोवॉश आहे का?" त्यात कापडावरची लव काढून टाकलेली असते, त्यामुळे अक्षराची कड साफ येते. लव असलेल्या कापडावर तुम्ही कितीही जपून रंग द्या, कडा केसाळच दिसतात. माल बहुतेक सगळा तिरुपूरचा असतो, तुम्ही कुठूनही घ्या. दहाच्या वर पाहिजे असतील तर गांधीबागच्या होलसेलवाल्यांकडे एक चक्कर मारा, दोन-तीनच पाहिजे असतील तर सीताबर्डीवर घ्या अन् मोकळे व्हा, पन्नास रुपये वाचवायला तितकं पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही.

कॉटन म्हणून पॉलिएस्टर मिक्स गळ्यात मारतात, त्याची परीक्षा सोपी आहे. आतल्या शिवणीजवळचा एक धागा ओढून काढा अन् काडीने जाळा. कॉटन असेल तर कागदासारखा जळतो अन् चिमटीत राख होते. पॉलिएस्टर असेल तर वितळतो अन् टोकाला कडक गोळी तयार होते. दुकानात नका करू, एक नग घरी आणून करा अन् मग बाकीचे घ्या.

रंगाचं म्हणाल तर पहिल्या वेळेस फिका टी-शर्ट अन् गडद अक्षरं. आम्ही पिवळा घेतो, पिवळ्या मारबतीचा मान म्हणून, अन् त्यावर काळं अक्षर दुरून वाचता येतं. काळ्यावर पांढरं करायची सगळ्यांनाच हौस असते, पण त्याला तीन-तीन हात द्यावे लागतात, अन् आपल्या इथल्या उन्हात काळा टी-शर्ट घालून दिवसभर फिरणं म्हणजे स्वतःच तर्रीत पडल्यासारखं आहे.

आणल्या आणल्या धुवायचे. हे लोक टाळतात अन् तिथेच फसतात. नवीन कापडाला कांजी असते, त्यावर रंग वरच्यावर बसतो, आत मुरत नाही. शिवाय कॉटन पहिल्या धुण्यात आटतं, अन् रंगवल्यावर आटलं तर अक्षरांना सुरकुत्या पडतात. साध्या पावडरीत धुवा, कम्फर्टसारखं सुगंधी काही टाकू नका, त्याचा थर बसतो अन् रंग धरत नाही. वाळवून इस्त्री करून ठेवा.

घोषणा

इथे माझं मत ठाम आहे: पाच-सहा शब्दांच्या वर गेलात का तो टी-शर्ट राहत नाही, पाटी होते. लोक समोरून चालत येत असतात, तीन सेकंदांत वाचून हसले पाहिजेत. "खड्ड्यांची पीडा" ठीक. "महानगरपालिकेच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या खड्ड्यांची पीडा" हे एका काकांनी सुचवलं होतं, त्यांना म्हटलं काका, तुमच्यासाठी लुंगीवर छापतो.

मारबतीचं नसेल तरी हेच. "काऊन बे?" एवढे दोन शब्द बारा महिने चालतात. "ऊन लागून राह्यलं" मे महिन्यात चालतो. माझ्या मामेभावाने फक्त "हौ" लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात, अन् सगळ्यात जास्त फोटो त्याच्यासोबत निघाले. आपली बोली जशी आहे तशी लिहा, पुस्तकी करायला गेलात तर मजा जाते. फक्त एक करा, छापायच्या आधी घरातल्या कोणत्यातरी रिटायर शिक्षकाला दाखवा. बोली असली तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असेल तर मिरवणुकीत कोणीतरी बोट दाखवतोच, अन् मग दिवसभर तेच ऐकावं लागतं.

विकायचे असतील तर सिनेमाचे डायलॉग, कंपन्यांचे लोगो, क्रिकेट टीमची चिन्हं यांच्या नादी लागू नका, ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं. स्वतःचं सुचत नसेल तर आजीशी दहा मिनिटं बोला, चार घोषणा मिळतील.

अक्षरं, खरं काम इथेच आहे

टी-शर्टचे जे व्हिडिओ पाहता ते सगळे इंग्रजी अक्षरांचे असतात, अन् आपण मराठी करायला गेलो का अडकतो, कारण देवनागरीच्या भानगडी वेगळ्या आहेत.

पहिली भानगड पोटाची. स्टेन्सिल म्हणजे अक्षराच्या आकाराचं भोक. आता "म" पाहा. वरची शिरोरेघ, डावा दांडा, खालची आडवी रेघ अन् उजवा काना, यांच्यामध्ये एक बंद जागा राहते. अक्षर कापून काढलं का ते मधलं पोट पण निघून पडतं अन् "म" च्या जागी नुसता ठोकळा उरतो. "प", "ब", "व", "स", "य", "ष", "ठ" सगळ्यांचं असंच, अन् दुसऱ्या वेलांटीच्या खाली शिरोरेघेवर जी पोकळी राहते तीसुद्धा. "न", "त", "ग", "र", "ल" हे गरीब आहेत, त्यांना बंद पोट नाही. म्हणून "गरगर" लिहिणारा सुखी अन् "मारबत" लिहिणाऱ्याला म अन् ब दोन ठिकाणी सांभाळावं लागतं. जाड प्लास्टिकच्या शीटवर किंवा जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर स्टेन्सिल कापत असाल तर प्रत्येक पोटाला बाहेरच्या शीटशी जोडणारा ३-४ मिलिमीटरचा पूल ठेवावा लागतो, जसं ट्रकच्या मागे किंवा गव्हाच्या पोत्यावर छापलेलं असतं, अक्षर मध्ये मध्ये तुटलेलं. काही जणांना ते दिसायला आवडतं. स्टिकरच्या स्टेन्सिलमध्ये पूल लागत नाहीत, ते का ते पुढे सांगतो.

दुसरी भानगड जोडाक्षरांची. मी पहिल्यांदा "खड्ड्यांची" युनिकोडमध्ये टाइप करून एका दुकानात व्हॉट्सअॅपवर पाठवलं, त्याच्या कॉम्प्युटरवर जुनं सॉफ्टवेअर होतं, त्याने पेस्ट केलं अन् "ड्ड्यां" चे तुकडे होऊन पाय मोडलेले ड एकामागे एक उभे. त्याला मराठी वाचायची घाई नव्हती, त्याने तसंच कापून दिलं. म्हणून मजकूर कधीच टाइप करून पाठवू नका, आकार करून पाठवा. इंकस्केप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात टाइप करा, मग पाथ मेनूत जाऊन ऑब्जेक्ट टू पाथ, मग अनग्रुप, मग सगळं सिलेक्ट करून युनियन. हे युनियन विसरायचं नाही. आपली अक्षरं शिरोरेघेवर एकमेकांवर चढलेली असतात, युनियन केलं नाही तर कटिंगची मशीन प्रत्येक अक्षर वेगळं समजते अन् शिरोरेघेचे बारीक बारीक तुकडे करून ठेवते. मग पीडीएफ सेव्ह करा, तीच पाठवा. दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर "भाऊ, कर्व्ह केलेली फाइल आहे".

तिसरं म्हणजे फॉन्ट. गूगल फॉन्ट्सवर मुक्ता, बालू, खंड, तेको हे सगळे फुकट आहेत अन् धंद्यासाठी वापरले तरी चालतात. मुक्ताचं सगळ्यात जाड वजन घ्या, नवशिक्यांसाठी तेच बरं. मोडक नावाचा एक गुबगुबीत फॉन्ट आहे, दिसतो लय भारी, पण त्याच्या पोटातल्या फटी इतक्या बारीक की रंग देताना बुजून जातात. अक्षराची सगळ्यात बारीक रेघ ४ मिलिमीटरच्या खाली नको. अन् "ल" अन् "श" तपासा, पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा येतो, मराठी माणसाला तो लगेच खटकतो. "दुसऱ्या", "पुऱ्या" असा शब्द असेल तर त्यातला ऱ्य नीट आला का तेही पाहा.

माप असं: मोठ्या माणसाच्या एल साइजला घोषणा २६ ते २८ सेंटिमीटर रुंद, स्मॉलला २२-२४. गळ्याच्या पट्टीपासून चार बोटं खाली सुरुवात. त्याहून खाली गेलात तर ज्याला पोट आहे त्याची घोषणा पोटाच्या वळणावर जाते अन् समोरच्याला अर्धीच दिसते. ओळींमध्ये जागा सोडा, आपल्याकडे वर मात्रा-रफार अन् खाली उकार-जोडाक्षरं दोन्ही असतात, "ड्ड्यां" ला तर तळघरच आहे. साध्या कागदावर प्रिंट काढा, सेलोटेपने टी-शर्टवर लावा, कोणाला तरी घालायला लावून दहा पावलं मागे जाऊन पाहा. या पाच मिनिटांनी माझी निदान तीन वेळा इज्जत वाचवली आहे.

रेडियमवाल्याकडे

गाडीच्या नंबरप्लेटवर अन् "आई-बाबांचा आशीर्वाद" वाले स्टिकर कापून देणारा रेडियमवाला प्रत्येक चौकात असतो. त्याच्याकडे कटिंग प्लॉटर असतो, अन् घरी हजारोंची मशीन घेण्यापेक्षा त्याच्याकडून कापून घेणं कितीतरी स्वस्त. त्याला स्वस्तातलं साधं स्टिकर व्हिनाइल मागायचं, चमकणारं रेडियम नाही, कारण ते आपण फेकूनच देणार आहोत. जितके टी-शर्ट तितके नग कापा, अन् वर एक जास्तीचा. एकदा वापरलेला स्टिकर दुसऱ्यांदा नीट चिकटत नाही, त्याला कापडाची लव लागलेली असते.

आता नीट ऐका. त्याची रोजची सवय अशी की अक्षरं ठेवायची अन् आजूबाजूचं सोलून टाकायचं, कारण गाडीवर अक्षरं चिकटवायची असतात. आपल्याला उलटं पाहिजे. त्याला सांगायचं: अक्षरं काढून टाक, बाहेरची शीट ठेव, अन् अक्षरांच्या पोटातले तुकडे पण ठेव. मग वरून मास्किंग टेप लावून दे. त्या टेपमुळे बाहेरची शीट अन् पोटातले सुटे तुकडे सगळे आपापल्या जागेवर एकत्र उचलले जातात, म्हणून पूल ठेवायची गरज पडत नाही. हे मी एकदा फक्त बोलून सांगितलं, भाऊ "हौ हौ" म्हणाले अन् दहाच्या दहा उलटे करून ठेवले. तेव्हापासून कागदावर चित्र काढून देतो. चहा पाजून शेजारी उभं राहणं त्याहून चांगलं.

प्लॉटर नको असेल तर हातानेही होतं, स्टेशनरीच्या दुकानात कॉन्टॅक्ट शीट मिळते, त्यावर प्रिंट चिकटवून कटरने कापा. खाली काच घ्या, पातं नवीन घ्या, अन् आधी पोटं कापा, मग बाहेरची कड. "हौ" सारखं दोन इंचाचं काम असेल तर अर्ध्या तासात होतं.

रंग देणं

सामान: फेविक्रिलचे किंवा कॅमलचे अॅक्रिलिक फॅब्रिक कलर, भांडी घासायचा नवा स्पंज कापून केलेले चौकोन, बशी, पुठ्ठा, मास्किंग टेप, चिमटा, सुई. एका टी-शर्टच्या तीन ओळींना मला १५ मिलीची साधारण एक बाटली लागते, हात जड असेल तर दीड.

टी-शर्टच्या आत पुठ्ठा घाला, नाही तर पोटाचा रंग पाठीवर उतरतो. पुठ्ठ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली तर तो चिकटत नाही. कापड ताणायचं नाही, फक्त सुरकुती जाईल इतकं. ताणून रंगवलं तर काढल्यावर अक्षरं बुटकी होतात.

मधोमध कसं साधायचं तर टी-शर्ट उभा दुमडून मधल्या घडीवर हलकी इस्त्री फिरवा, ती रेघ धरून स्टिकर लावा. मागचा कागद थोडा थोडा सोलत खाली जा, पूर्ण सोलून हवेत धरलात तर तो स्वतःलाच चिकटतो अन् मग रडत बसा. लावून झाला का लाटण्याने वरून दाबून घ्या, मग मास्किंग टेप हळू, आडवी, जमिनीला समांतर ओढत काढा. एखादं पोट टेपसोबत वर येऊन राहिलं असेल तर टेप परत खाली करून तिथे नखाने घासा.

आता जी युक्ती सांगतो त्याने निम्मं काम साफ होतं. पहिला हात अक्षराच्या रंगाचा देऊच नका. टी-शर्टच्याच रंगाचा द्या, म्हणजे पिवळ्यावर पिवळा, किंवा मिळालं तर बिनरंगी मीडियम, पातळ, फक्त कडेकडेने. स्टिकरच्या खाली जिथून रंग झिरपणार असतो त्या फटी हा पहिला रंग बुजवून टाकतो, अन् तो कापडाच्याच रंगाचा असल्याने झिरपला तरी दिसत नाही. वीस मिनिटं सुकू द्या, मग काळा.

काळा स्पंजने. ब्रश नको, ब्रशचे केस कडेखाली शिरतात. बशीत रंग घ्या, स्पंज बुडवा, कागदावर दोनदा टेकवून जास्तीचा काढा, स्पंज जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे, अन् मग सरळ वरून टेकवत जा, घासायचं नाही, जशी आई बाळाच्या पाठीवर पावडर थापते तसं. पहिला हात ठिपक्याठिपक्यांचा अन् फिका दिसतो, घाबरू नका. अर्ध्या तासाने दुसरा. एकाच वेळी जाड थापलेला रंग वरून सुकतो, आतून ओला राहतो अन् नंतर भेगाळतो. मे महिन्यात करत असाल तर दुपारी करू नका, ४५ डिग्रीत स्पंजमध्येच रंग वाळून जातो, सकाळी सातला बसा अन् बशीत पाण्याचे दोन-चार थेंब टाका. पावसाळ्यात उलटं, सगळं दुप्पट वेळ घेतं, पंखा लावून ठेवा.

स्टिकर कधी काढायचा? रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी. बोट लावलं तर चिकटत नाही पण थोडं नरम लागतं, तेव्हा. पूर्ण वाळल्यावर ओढला तर रंगाची पापडी सोबत निघते. बाहेरची शीट कोपऱ्यातून तिरपी ओढा, पोटातले तुकडे सुईने उचकटून चिमट्याने काढा. "ब" च्या पोटातली ती बारीक तिरपी रेघ जेव्हा साफ सुटी होते तेव्हा जे वाटतं ना, त्यासाठीच मी हा उद्योग करतो.

डाग पडला तर लगेच घासू नका, घासला का पसरतो. सुरीच्या बोथट बाजूने वरचा रंग उचला, मग कापडाच्या मागून थंड पाणी सोडा. वाळल्यावर दिसला तर विषय संपला, तिथे टिकली लावायची.

बहात्तर तास

हेच मी पहिल्या वर्षी केलं नव्हतं. २४ तास सपाट ठेवून सुकवा, दोरीवर टांगू नका. मग टी-शर्ट उलटा करून, मागच्या बाजूने, वाफ बंद करून, इस्त्री कॉटनच्या खुणेवर ठेवून चार-पाच मिनिटं फिरवा, मध्ये सुती रुमाल घ्या. या उष्णतेने रंगातला अॅक्रिलिकचा थर धाग्याला धरतो, नुसता वाळला अन् पक्का झाला यात हाच फरक आहे. कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्याला देऊ नका, कोळशाच्या इस्त्रीला खूण नसते, एक तर रंग कच्चा राहतो नाही तर कापड पिवळं पडतं, अन् आपलं आधीच पिवळं आहे तर कळतही नाही. त्यानंतर रंगवल्यापासून एकूण ७२ तास होईपर्यंत पाणी लावायचं नाही. बाटलीवर काही वेगळं लिहिलं असेल तर बाटलीचं ऐका. म्हणजे हिशोब असा की मिरवणुकीच्या निदान पाच दिवस आधी रंग दिलेला पाहिजे, एक दिवस रंगाचा, तीन दिवस वाळायचे, एक दिवस कोणीतरी "माझी साइज चुकली" म्हणणार त्याचा.

नटवणं

हे आमच्या घरी आईचं खातं. अक्षरांच्या कडेने थ्रीडी लाइनर फिरवता येतो, कोनासारखी ट्यूब असते, मेंदी काढणाऱ्यांचा हात लगेच बसतो. ट्यूब उचलताना दाब सोडून उचला, नाही तर शेपटी राहते. ती पूर्ण वाळायला एक अख्खा दिवस लागतो, अन् त्यावर समोरून कधीच इस्त्री नाही.

आरसे अन् टिकल्या फॅब्रिक ग्लूने लावा, साध्या फेविकॉलने लावले तर पहिल्या धुण्यात बादलीत सापडतात. छातीवरचे आरसे ठीक, पाठीवर नको, खुर्चीत बसल्यावर टोचतात.

साखळी टाका घालायचा असेल तर टी-शर्टचं कापड विणलेलं असतं, ताणतं, म्हणून मागून टेलरकडे मिळणारी कागदासारखी फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवून घ्या, मग टाके घाला, नाही तर सगळं चुण्या पडून गोळा होतं. धागा ओढून घट्ट करायचा नाही. आईने एकदा आजीच्या फाटक्या लुगड्याचा काठ कापून त्याचं "हौ" केलं होतं, फ्यूजिंगवर चिकटवून कडेने टाके. तो टी-शर्ट मागायला तीन जण आले, आईने कोणालाच दिला नाही, स्वतः पण घालत नाही, कपाटात आहे.

बाकीचे प्रकार, पटकन

ट्रान्सफर पेपर: इंकजेट प्रिंटरवर छापून इस्त्रीने उतरवायचा. फिक्या कापडाच्या पेपरवर चित्र आरशासारखं उलटं छापावं लागतं, गडद कापडाच्या पेपरवर सरळ. हे विसरलात तर घोषणा फक्त आरशातच वाचता येते. इस्त्रीच्या मऊ टेबलवर करू नका, कडक फळी घ्या. फोटोसाठी बरा, पण पाच-दहा धुण्यांत भेगा पडतात.

हीट ट्रान्सफर व्हिनाइल: हाही रेडियमवाला कापून देतो, उलटा कापायचा, साधारण १५० ते १६० डिग्रीला दहा-पंधरा सेकंद दाब. इस्त्रीने होतं, पण भोकं असलेल्या वाफेच्या इस्त्रीने ठिपके उमटतात, अन् फिरवायची नाही, दाबून धरायची. मोठ्या अक्षरांचा तुकडा उन्हाळ्यात छातीला प्लास्टिक बांधल्यासारखा लागतो.

डीटीएफ: फिल्मवर रंगीत छापून मिळतं, दाबून चिकटवायचं. चार रंगांचं चित्र असेल तर सरळ हेच घ्या, घरी त्याच्याशी झटापट करू नका.

सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग कापडात मुरवायची छपाई, कॉटनवर होतच नाही, पॉलिएस्टरच लागतं, अन् तेही फिकं.

स्क्रीन प्रिंटिंग: तीसच्या वर नग असतील तेव्हा. पोरांना प्रयोग करायचा असेल तर भरतकामाच्या रिंगमध्ये जाळीचं पॉलिएस्टर कापड ताणा, खालच्या बाजूने स्टिकरचं स्टेन्सिल चिकटवा, वरून जुन्या एटीएम कार्डाने रंग ओढा. पोटातले तुकडे जाळीला चिकटून राहतात म्हणून एकाच स्टेन्सिलवर ओळीने आठ-दहा टी-शर्ट निघतात. मध्ये थांबलात तर जाळीत रंग वाळतो अन् सगळं बंद, म्हणून टी-शर्ट आधी मांडून ठेवा अन् फोन दुसऱ्या खोलीत.

धुणं

उलटा करून, थंड पाण्यात, हाताने. धोपटणं नाही, ब्रश नाही. घरी कामाला येणाऱ्या मावशींना हे आधीच सांगा, नाही तर त्या प्रेमाने कॉलरसोबत घोषणेवरही ब्रश मारतात, आमच्याकडे "मारबत" चा "मार" शिल्लक राहिला होता. वाळत पण उलटाच घाला, सावलीत.

अन् टी-शर्ट आणताना एक प्लेन एक्सएल जास्तीचा आणून ठेवा, जास्तीचं स्टेन्सिल तर आहेच. मिरवणुकीच्या दोन दिवस आधी पुण्याहून कोणाचा तरी भाचा उतरतो अन् म्हणतो मला पण पाहिजे. त्याला रंगवून द्या, इस्त्री मारून द्या, फक्त सांगा की बाबू, बहात्तर तास झाले नाहीत, पाऊस आला तर दुकानाच्या शेडखाली उभा राहा.